कुंभखोलची मिलिटरी

पुरणाचा धोंडा तुपात बुडवून पहिला घास तोंडात घातला, आणि मला जळक्या गिअर ऑईलचा वास आला.

माझं नाक तसं बिलंदर आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज, ट्रक-ट्रॅक्टरचं जड काम. इंजिनचं ऑईल कुठलं, ब्रेकचं कुठलं आणि गिअरचं कुठलं हे मी डोळे मिटून सांगतो. गिअर ऑईल कुजकट असतं, गंधकासारखं, आणि तापलेल्या ब्रेकवर पडलं की डोकं उठवतं. पण हा वास लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात, सासुरवाडीला, नवं धोतर नेसून पाटावर बसलेलं असताना यावा म्हणजे काय? मी मान वर केली. समोर सासरे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. वास त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांना होता.

"मामा, गाडीचं ऑईल गळतंय काय?" मी विचारलं.

 मामांनी पेला भरून माझ्या पुढ्यात ठेवला. "तुम्ही जेवा. अगं, जावईबापूंना तूप वाढ."

मामींनी पदर सावरत तुपाची धार धरली ती मी दोन्ही हात आडवे करेपर्यंत. विषय तुपाखाली बुडाला.

माझे सासरे, रंगराव चौगले, फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार होऊन पेन्शनीवर गावी आले तरी मिशी आणि कणा दोन्ही तसंच ताठ. गाव कुंभखोल, पार सह्याद्रीच्या काठाला. तिथनं वर डोंगरात धनगरवाडे, आणि वाड्यावाड्याच्या मधी ओढे. पावसाळ्यात तिकडं बैलगाडीसुद्धा जात नाही. म्हणून गावच्या दूध संस्थेनं फौजेच्या लिलावातला एक जुना ट्रक आणला होता. चारी चाकं ओढणारा. पुढची चाकंसुद्धा इंजिनावर फिरतात, त्यामुळं चिखल असो, पाणी असो, गाडी रांगत रांगत का होईना वर चढते. गावानं तिचं नाव मिलिटरी ठेवलं होतं, आणि मिलिटरी म्हटलं की हवालदार रंगराव, हे ठरलेलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती कुणी पाहिलीच नव्हती.

जेवण झाल्यावर मला सोप्यात आडवं व्हायला लावलं. उशाला दोन लोड, पायाला एक. शालन विडा घेऊन आली. शालन म्हणजे माझी बायको. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की ही काहीतरी दाबून बसलीय.

"आबांच्या गाडीला काय झालंय?"

"काय न्हाई."

"खरं सांग."

"आबांनी सांगू नको म्हटलंय. सासरच्या माणसाला म्हायारची रडगाणी सांगू नयेत म्हणत्यात."

"मग सांगू नको. नुसती मान हलव. ऑईल पुढच्या चाकातनं गळतंय?"

तिनं मान हलवली.

"ब्रेकवर उतरतंय?"

पुन्हा मान.

"मिस्त्री आणला होता?"

आता मात्र तिला राहवलं नाही. मान हलवायचं सोडून ती भडाभडा बोलायलाच लागली. पावसाळा लागल्यापासनं गळती चालू होती. पुढच्या एक्सलचं ऑईल सील, म्हणजे चाकाकडं जाणारं ऑईल अडवणारी रबराची कडी, ती बदलली की आठवडाभर बरं, की पुन्हा गळती. तालुक्याचा मिस्त्री बदलून बदलून कंटाळला आणि शेवटी सांगून गेला की ड्रायव्हर गाडी दाणकन पाण्यात घालतो म्हणून सील जातंय. मागच्या आठवड्यात वळणावर ब्रेक लागला नाही. गाडी चरीत उतरली, दुधाचे कॅन सांडले. माणसं वाचली, पण गावात बोभाटा झाला.

"आणि उद्या सकाळी संस्थेची बैठक हाय," शालन म्हणाली. "आबांच्या हातातनं गाडी काढून घेणार. चेअरमन केरबा पाटलांनी तसं सांगूनच पाठवलंय. आबा काय बोलत न्हाईत, पण काल रातच्याला ताटावरनं तसंच उठले. अहो, गाडी गेली तर ते काय करतील? त्यांना दुसरं काय येतंय?"

मी लोड बाजूला सारले आणि उठलो.

गाडी परड्यात, पत्र्याच्या शेडमधे उभी होती. आणि काय गाडी होती महाराजा! रंग हिरवाच, पण एक ओरखडा नाही. नटबोल्ट पुसलेले. पुढच्या दोन्ही चाकांवरनं मात्र काळपट ओघळ आलेले. मामा खाकी डगला घालून चाकाशी बसले होते. मी बाह्या सारल्या तसे ते उठून मधे आले.

"जावईबापू, लांब."

"मामा, मी मिस्त्री आहे."

"कोल्हापुरात. हितं तुम्ही जावई. त्यात अधिक महिना, नारायणाच्या ठिकाणी तुम्ही. गाव काय म्हणंल? रंगरावानं लेक दिली आणि जेवायला बोलावून जावयाला गाडीखाली घातला. माझं हसं करायचं हाय का?"

"गाव बघायला कशाला येतंय?"

"गाव ह्येच बघायला येतंय," मामा म्हणाले. आणि खरंच, कुंपणापलीकडनं दोन बायका डोक्यावरची घागर सावरत आमच्याकडंच बघत होत्या.

माझा स्वभाव सरळ धडक मारायचा. गॅरेजमधे असतो तर म्हटलं असतं, बाजूला हो आणि पाना दे. पण सासऱ्याला पाना दे म्हणायची माझी छाती नव्हती. मी हात मागं बांधले. "बरं, हात लावत नाही. बोललो तर चालंल?"

मामांनी विचार केला. "बोला की. बोलून काय हात काळं होत न्हाईत."

तेवढ्यात मामी आतनं जाजम आणि लोड घेऊन आल्या. जावई परड्यात उभा म्हणजे काय? शेडमधेच जाजम पसरलं, लोड टेकवला, वर पानाचा डबा. आणि मग मी जन्मात केली नसेल तसली मिस्त्रीगिरी सुरू झाली. मी नवं धोतर नेसून लोडाला टेकलेला, आणि माझ्या डबल वयाचे सासरे गाडीखाली उताणे. शालन दारात उभी राहून पदरात तोंड घालून हसत होती.

"मामा, आधी कुठलं चाक गळालं? डावं का उजवं?"

"दोन्ही."

"आधी कुठलं?"

"सांगतोय न्हवं, दोन्ही. एकदमच."

हे मला पटेना. एक्सल वाकलं असेल, बेअरिंग ढिलं झालं असेल तर एक बाजू आधी जाते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी कुणी मारून ठेवल्यासारखं होत नाही. "जुनी सीलं टाकून दिली का हो?"

खालनं हसल्याचा आवाज आला. "फौजी माणूस हाय मी. जुनं सामान जमा करायला लागतंय." त्यांनी एक डबा माझ्याकडं सरकवला. आत सगळी जुनी सीलं, पुसून, तारेत ओवून ठेवलेली. मला हात लावायचा नव्हता, म्हणून शालननं एकेक उचलून माझ्या डोळ्यांपुढं धरलं.

मी बघतच राहिलो. झिजलेलं सील मी हजारदा बघितलंय. कड बोथट होते, रबर कडक होऊन तडकतं. ह्यांच्या कडा नव्यासारख्या मऊ होत्या. पण कडेचा ओठ बाहेरच्या बाजूला उलटलेला. उशीचा अभ्रा उलटा करावा तसा.

"मामा, ही सीलं झिजली नाहीत. आतनं कुणीतरी ढकललीत."

"आत कोण बसलंय ढकलायला?"

"तेच बघायचं. जरा ऑईल काढा, चमचाभर."

त्यांनी एक्सलच्या मधल्या गोळ्याचा, म्हणजे आत गिअर असतात त्या फुगीर भागाचा, खालचा बोल्ट सैल केला. पेल्यात ऑईल आलं ते काळं नव्हतं, दूध घातलेल्या चहासारखं होतं. म्हणजे पाणी आत गेलेलं. मामांचा चेहरा पडला. "म्हंजे पाण्यानंच," ते म्हणाले. "त्यो मिस्त्री खरं बोलला."

"पाणी आत जातंय हे खरं. पण मग ऑईल बाहेर का येतंय? एकाच दारातनं एकजण आत ढकलतोय आणि एकजण बाहेर, हे कसं?"

 मी पान खाल्लं. मला आता मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू? असली कोडी रोज येत नाहीत. पण त्याच वेळी मामांचा पडलेला चेहरा पण दिसत होता. उद्या सकाळपर्यंतच वेळ होता.

"मामा, जावयाला गाव दाखवायची पद्धत आहे की नाही?"

"हाय की."

"मग वरच्या धनगरवाड्यापर्यंत फिरवून आणा. जाताना चारी चाकं लावा. उतरताना जपून, खालच्या गिअरमधे. आणि ब्रेकवर विसंबू नका."

"मला शिकवताय?" असं म्हणाले, पण मिशीत हसले.

शालन पण बसली मधे. मी त्या दिवशी पहिल्यांदा मामांना गाडी चालवताना बघितलं. तालुक्याच्या मिस्त्रीला मी तिथंच चार शिव्या हासडल्या, मनातल्या मनात. दाणकन पाण्यात घालतो म्हणे! ओढ्याच्या काठाला मामा थांबले, उतरून पाण्याचा रंग बघितला, काठी घालून बघितली, मग गाडी अशी उतरवली की पाण्याला कळलं नसेल. पलीकडं निघाल्यावर ब्रेक दाबून दाबून सुकवले. असला हळू हात मी कोल्हापुरातसुद्धा बघितला नव्हता. माझ्या ओळखीच्या ड्रायव्हरांनी ह्यांचे पाय धरावेत. आणि ह्या माणसाच्या हातनं उद्या गाडी काढून घेणार होते.

परत येताना शेवटच्या चढाला गाडी चांगली तापली. शेडमधे आल्याबरोबर मी म्हटलं, "इंजिन बंद करा आणि लगेच खाली जा. गोळ्याला हात लावून बघा."

"भाजतंय."

"आता वरचा बोल्ट, ऑईल भरायचा. एकदम काढू नका. हळूहळू सैल करा, आणि तोंड बाजूला घ्या."

मामांनी पाना लावला. दोन आटे फिरले, आणि फुस्सदिशी आवाज आला. सोड्याची बाटली फोडावी तसा. मागोमाग ऑईलची पिचकारी मामांच्या मिशीवर. शालन घाबरून मागं सरली. मी मात्र जाजमावरनं उठून उभा राहिलो, धोतर सुटायच्या बेताला आलं तरी भान नव्हतं.

"सापडला," मी म्हटलं. "मामा, हाच तो ढकलणारा. आत हवा कोंडलीय. तापली की फुगते, आणि जागा मिळंल तिथनं ऑईल घेऊन बाहेर पडते. गरम गाडी ओढ्यात उतरली की तीच हवा आक्रसते आणि पाणी आत ओढते. सीलाचा काही दोष नाही, तुमच्या हाताचा तर नाहीच. ह्या गोळ्याला वरच्या अंगाला एक नाक असतं. ब्रीदर. बारीकसं भोक, हवा आतबाहेर जायला. ते बघा, बुजलंय काय."

गाडीखाली पान्याचा आवाज थांबला.

"मामा?"

"बघितलं."

"काय आहे?"

 खालनं आवाज आला, पण त्यातलं बळ गेल्यासारखा. "खुंटी हाय तिथं. लाकडाची. वरनं लाख लावल्याली."

"खुंटी? कुणी मारली?"

मामा बाहेर आले. मिशीवरचं ऑईल पुसलं नाही. माझ्याकडं न बघता त्यांनी पाने पुसून पिशवीत घातले, एकेक, जागच्या जागी. "उद्या बैठकीत तुमीच सांगा काय ते," म्हणाले आणि आत गेले.

मला काही विचारायची गरज उरली नाही. त्या गाडीला एवढ्या निगुतीनं दुसरं कोण हात लावत होतं?

शालनला पण कळलं होतं. तिनं माझ्या उपरण्याचं टोक धरलं. "अहो, उद्या आबांना खाली बघायला लावू नका. तेवढं करा माझ्यासाठी."

"बघतो," मी म्हटलं. रात्रभर मी तेच बघत होतो. चिखल म्हणायचं. ओढ्याचा गाळ बसून बसून भोक बुजलं, कुणाचीच चूक नाही. खोटं काय, पण गॅरेजात ह्याच्यापेक्षा मोठी खोटी रोज ऐकतो आपण. मी ठरवून टाकलं.

सकाळी दूध संस्थेच्या हॉलमधे सगळे जमले. सतरंजीवर पाच-सहा म्हातारी माणसं, टेबलामागं चेअरमन केरबा पाटील. केरबा म्हणजे तोंडानं फटकळ, पण हिशेबाला सरळ माणूस, असं शालननं मला सांगितलंच होतं. मामा भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खाकी डगला इस्त्री केलेला.

"रंगराव," केरबांनी सुरुवात केली, "तुमच्यावर राग न्हाई कुणाचा. पण त्या दिशी गाडीत धनगरांची दोन पोरं बसल्याली. चर होती म्हणून वाचली. दरी असती तर मी त्यांच्या आयांना काय तोंड दाखवलं असतं?"

"बरोबर हाय तुमचं," मामा म्हणाले.

"मग आता दुसरा ड्रायव्हर बघूया. तुमी पण थकलाय."

तेव्हा मी घसा खाकरला. केरबांनी माझ्याकडं बघितलं. "जावईबापू, तुमी पावणे. पण ऐकलंय की मिस्त्री हाय म्हणून. काय असंल तर सांगा."

मी सांगितलं. दोन्ही बाजू एकदम का गळतात, सीलाचा ओठ का उलटतो, पाणी कसं शिरतं. म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या तेव्हा म्हटलं, "चेअरमन, दुधाच्या कॅनचं झाकण गच्च बसवून उन्हात विसरलात तर काय होईल?"

"नासून फुगंल. झाकण उडंल."

"तेच झालंय. ह्या एक्सलला हवा जायचं नाक होतं ते बुजलं. नाक मोकळं केलं की गळती संपली. ड्रायव्हरचा हात मी काल बघितला. कोल्हापुरात असला ड्रायव्हर मिळायचा नाही, हे मी जावई म्हणून नाही, मिस्त्री म्हणून सांगतो."

सतरंजीवरची माणसं एकमेकांकडं बघून माना डोलवायला लागली. केरबांचा चेहरा पण सैल झाला. आता इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण केरबांनी विचारलं, "बुजलं कशानं पण?"

"चिखलानं," मी म्हटलं. "ओढ्याचा गाळ."

"चेअरमन, थांबा," मामा म्हणाले.

ते भिंतीपासनं पुढं आले आणि सावधान उभे राहिले. मला वाटलं, पळून जावं. मामांनी डगल्याच्या खिशातनं ती खुंटी काढली आणि केरबांच्या टेबलावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, बाभळीची, अगदी गोल तासलेली.

"जावई माझी लाज राखायला बोलत्यात. चिखल न्हाई. ही मी मारली. फौजेत नदी उतरायची असली की असली भोकं बंद करायची, असा हुकूम. पलीकडं निघालं की पहिलं काम ती उघडायचं. मी जन्मभर तसंच केलं. पण हितं काय, दिवसात चार वेळा वढा. दर वेळी चिखलात झोपून कोण काढंल आणि घालंल? म्हटलं, पावसाळाभर राहू दे, गाडीच्या पोटात पाणी तरी जायाचं न्हाई. काळजीपोटीच केलं, पर अर्धाच हुकूम पाळला. ती पोरं गाडीत होती ते माझ्यामुळं. मिस्त्रींनी काल शोधून काढलं, तवर मला ठावं पण नव्हतं." त्यांनी गाडीची किल्ली खुंटीशेजारी ठेवली. "काढून घ्या."

  आदल्या दिवसापासनं मी स्वतःला हुशार समजत होतो, आणि बाजूला हा माणूस पोटच्या पोरीच्या नवऱ्यापुढं, गावापुढं, ताठ मानेनं स्वतःची चूक सांगत होता. मला लाज वाटली नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं पण नाही.

केरबांनी खुंटी उचलून उजेडात फिरवून बघितली. "तासलीय मात्र झकास," ते पुटपुटले. मग माझ्याकडं वळले. "आता मिस्त्री, मघाचं खोटं मी ऐकलं न्हाई. आता खरं सांगा. गाडी कुणाच्या हातात द्यावी?"

"चेअरमन, माझ्या गॅरेजात रोज गाड्या येतात," मी म्हटलं. "कुणाचा गिअर आपोआप तुटलेला असतो, कुणाचं क्लच आपोआप जळलेलं असतं. 'माझ्या हातनं झालं' म्हणणारा ड्रायव्हर मी आज पहिल्यांदा बघितला. मी असतो तर किल्ली त्यालाच दिली असती."

सतरंजीवरनं एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय की रं केरबा." केरबांनी किल्ली उचलली आणि मामांच्या पुढं धरली. "घ्या हवालदार. दूध थांबलंय वर."

मामांनी किल्ली घेतली नाही. "गाडी आज निघायची न्हाई. ब्रेकचे लायनर ऑईल प्यालेत. मिस्त्री सांगतील तवा निघंल. काय हो?" शेवटचं मला. आणि बैठकीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "लायनर, सीलं, ऑईल, सगळं नव्यानं."

"तालुक्यास्नं काय आणायचं त्ये सांगा," केरबा म्हणाले, "माणूस आत्ता धाडतो."

सामान दुपारी आलं. मी धोतर सोडलं, मामांचा जुना डगला चढवला. मामी दारात येऊन काहीतरी बोलणार होत्या, पण मामांनी हातानंच राहू दे म्हटलं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडलो, एकाच पोत्यावर. काम झकास चाललं होतं. मामा मागितल्याबरोबर नेमका पाना हातात देत होते, न मागता पण देत होते. नाकातली उरलेली लाख खरवडून झाल्यावर मी म्हटलं, "मामा, पण आता ओढ्याचं पाणी ह्यातनं आत जाणार. त्याचं काय?"

मामांनी त्या भोकावर बोट ठेवून बघितलं. "म्हस पाण्यात पोवते तवा काय करते? नाक वर काढून धरते. आपुन ह्याच्या नाकाला रबराची नळी लावून पार बॉनेटपातूर वर न्हेली तर?"

मी हातातला पाना पोटावर ठेवला आणि हसायला लागलो. हे मला सुचायला पाहिजे होतं. पुढं गॅरेजात मी कितीतरी गाड्यांना तशी नळी बसवली, आणि दर गिऱ्हाईकाला सांगितलं की ही माझ्या सासऱ्यांची अक्कल आहे. पण त्या क्षणी मी नुसतं म्हटलं, "नळी आणायला सांगा मामा. लगेच."

"सांगतो. शालन, ए शालन..."

शालनच्या आधी कुंपणापलीकडनं दुसराच आवाज आला. कालच्यापैकीच एक बाई, पाण्याला निघालेली. "काय हो हवालदार," ती ठसक्यात म्हणाली, "अधिकात जेवायला बोलावलं आणि जावयाला गाडीखाली घातलं व्हय?"

 मी मामांकडं बघितलं. त्यांच्या मिशीला ऑईल, कपाळाला ऑईल. त्यांनी पडल्या पडल्याच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढला.

"मी कोण घालणार, बाई? मिस्त्रींनीच मला हाताखाली घेतलंय."